निरोप कोणाला, केव्हा, कशाचा : नेटवर्क-देखरेखीच्या अभ्यासाची प्रस्तावना

"सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात वर्षभर ऐकू येते. सेतू केंद्राच्या खिडकीत सातबारा निघत नाही, रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही, जुलैअखेरीस पीकविम्याचा अर्ज भरताना पडद्यावरचे चक्र फिरतच राहते, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळते. कारणे मात्र दर वेळी निराळी असतात. कधी मुंबईतला सर्व्हर खरोखरच बंद असतो. कधी बीडकडून येणारी फायबर रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताला लागलेली असते. कधी गावची लाइट गेलेली असते आणि बॅटरी तर केव्हाच निकामी झालेली असते. कधी उंदराने पॅचकॉर्ड कुरतडलेली असते, तर कधी कोणी राउटरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. प्रत्येक कारणाचा दुरुस्तीवाला वेगळा, लागणारा वेळही वेगळा. थेरल्याहून किंवा अमळनेरहून एका कागदासाठी आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडालेलाच असतो. तासभर थांबावे की उद्या यावे, एवढे जरी त्याला खात्रीने सांगता आले तरी दुसरा रोज वाचेल. या एका वाक्याआड दडलेली दहा कारणे सुटी करायची आणि त्यातले नेमके कारण नेमक्या माणसापर्यंत वेळेवर पोचवायचे, याचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्रात तुमचे स्वागत.

बालाघाटच्या माथ्यावरचा हा तालुका अशा अभ्यासासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. मांजरा इथल्या डोंगरात उगम पावते, सौताड्याला विंचरणा कड्यावरून खाली उडी घेते, वाड्यावस्त्या दूरदूर विखुरलेल्या आहेत आणि तारा, खांब, फायबर या सगळ्यांना घाट ओलांडूनच यावे लागते. बिघाड शोधायला माणूस निघाला तर अर्धा दिवस वाटेतच जातो. जिथे जाणे महाग, तिथे दुरून पाहण्याची किंमत मोठी. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत दोन मजले चढून स्विच पाहून येणाऱ्या अभियंत्याला दूरदेखरेख ही सोय वाटते. पाटोद्यात तिच्यावाचून काम चालत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेची रचना ढोबळमानाने अशी. तालुक्याच्या ठिकाणी दूरध्वनी एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेली फायबर वाटेत स्प्लिटरमधून फुटत फुटत गावोगाव जाते आणि ग्रामपंचायतीत ओएनटी नावाच्या छोट्या डबीत संपते. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने केंद्राने २०११ साली ही योजना मंजूर केली, आणि तिच्यातले जीपॉन तंत्र आपल्याच सी-डॉट संस्थेने विकसित केले. याशिवाय राज्याच्या कचेऱ्यांना जोडणारे एमस्वान हे जाळे तहसीलपर्यंत येते. या दोन्ही वाटांवर कुठे ना कुठे स्विच, राउटर, यूपीएस आणि त्यांची देखरेख करणारे कार्ड बसलेले असते. अभ्यासाची सुरुवात याच यंत्रांपासून करायची आहे.

देखरेखीचे मूळ प्रकार दोनच. मध्यवर्ती संगणकाने ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला "कसा आहेस?" असे विचारायचे, हा पहिला. काही घडले की यंत्राने आपणहून कळवायचे, हा दुसरा. पहिल्याला पोलिंग म्हणतात, दुसऱ्यातल्या निरोपाला ट्रॅप. दोन्हींचे नियम ठरवणारी भाषा म्हणजे एसएनएमपी. तिची पहिली संहिता इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजांत, म्हणजे आरएफसींत, आरएफसी १०६७ या क्रमांकाने ऑगस्ट १९८८ मध्ये आली आणि मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ म्हणून स्थिरावली. जेफ्री केस, मार्क फेडॉर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन हे तिचे कर्ते. तेव्हा ही तात्पुरती सोय मानली गेली होती. पुढे ओएसआयची भारदस्त पद्धत येईल आणि हिची जागा घेईल, अशी अपेक्षा होती. ती पद्धत मागे पडली आणि तात्पुरती सोय तीन दशकांहून अधिक टिकली. कारण तिच्या कर्त्यांनी एक शहाणपण दाखवले: यंत्रावर कमीत कमी भार टाकायचा, विचार करायचे काम मध्यवर्ती संगणकाकडे ठेवायचे. ट्रॅपविषयीची त्यांची भूमिकाही तितकीच संयमी होती. यंत्राने मोजकेच निरोप पाठवावेत, आणि त्यावरून मध्यवर्ती संगणकाने कुठे, केव्हा विचारपूस करायची ते ठरवावे. निरोप आला म्हणजे सगळे कळले असे समजायचे नाही; निरोप आला की चौकशी सुरू करायची. हे तत्त्व आजही बहुतेक ठिकाणी विसरले जाते, म्हणून पहिल्याच पानांत त्याचा उल्लेख करतो.

ट्रॅप पोचला की नाही, हे पाठवणाऱ्या यंत्राला कधीच कळत नाही. साधे पोस्टकार्ड पेटीत टाकावे तसा तो यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टकडे रवाना होतो. पुढच्या आवृत्तीत इन्फॉर्म नावाचा प्रकार आला. त्यात पोचपावती मागितली जाते आणि ती आली नाही तर यंत्र पुन्हा पाठवते. ज्या वाटेवर निरोप हरवण्याचा संभव जास्त, तिथे इन्फॉर्म वापरावा, असे माझे मत आहे. घाटातली वाट त्यांपैकीच.

आता एक यंत्र जवळून पाहू. तालुक्याच्या ठिकाणच्या रॅकमध्ये यूपीएस असतो आणि चांगल्या यूपीएसच्या पाठीमागे एक खाच असते. त्या खाचेत बसणारे छोटे कार्ड हेच नेटवर्क-व्यवस्थापनाचे साधन. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो. ब्राउझरमधून त्याच्या पानावर गेलात की घटनांची लांब यादी दिसते: बॅटरीवर गेला, बॅटरी कमी, बॅटरी बदला, भार जास्त, तापमान जास्त, कोणी चुकीचा पासवर्ड टाकला. प्रत्येक घटनेपुढे काय करायचे ते निवडता येते. नोंद करायची, ट्रॅप पाठवायचा, सिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या व्यवस्थेला द्यायचे, ईमेल करायची. त्याखाली आणखी दोन चौकटी असतात आणि घाईत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पहिली विचारते, घटना किती वेळ टिकली तर कळवायचे? दुसरी विचारते, किती वेळाने पुन्हा कळवायचे, आणि किती वेळा? या दोन चौकटींत काय भरायचे, यावरच पुढची सगळी देखरेख उपयोगी ठरणार की डोकेदुखी होणार, ते ठरते.

कारण असे. यूपीएससाठी मे १९९४ मध्ये आरएफसी १६२८ हे मानक आले. त्यात "यूपीएस बॅटरीवर" हा ट्रॅप दर मिनिटाला पुन्हा पाठवावा, लाइट येईपर्यंत किंवा यूपीएस बंद पडेपर्यंत पाठवत राहावे, असे सांगितले आहे. जिथे लाइट वर्षातून एकदोनदा जाते अशा ठिकाणी हे ठीक. आपल्याकडे वळवाच्या पावसात एका संध्याकाळी लाइट किती वेळा येते-जाते ते सर्वांना ठाऊक आहे. चार तासांच्या भारनियमनात एका यूपीएसचे २४० निरोप होतात. वीस ठिकाणी यूपीएस असतील तर ४,८००. त्यात एखाद्या यूपीएसने "बॅटरी बदला" असेही कळवलेले असते. ते कोण वाचणार? दुसऱ्या दिवशी ज्याच्या मोबाइलवर हे निरोप जात होते तो माणूस त्या क्रमांकाला म्यूट करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

निरोपांच्या पुरात खरा निरोप वाहून जातो याचा दाखला जगाने फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी वाजू लागले. बिनमहत्त्वाचे इशारे दाबून ठेवण्याची कोणतीही सोय नियंत्रण कक्षात नव्हती, हे चौकशी आयोगाने स्पष्टपणे नोंदवले. पुढे रसायन आणि तेल उद्योगांत इशाऱ्यांची रचना हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आणि एका माणसाला दहा मिनिटांत साधारण एकाहून जास्त इशारे हाताळायला लावू नये, असा मापदंड पुढे आला. आपल्या क्षेत्रात तो मापदंड अजून फारसा रुजलेला नाही. इथे "सगळ्या घटनांवर टिक करा" हे सर्वांत सोपे बटण असते आणि बसवणारा माणूस जाताना तेच दाबून जातो.

मग पाटोद्यात काय भरावे? माझा सल्ला असा: "बॅटरीवर गेला" ही घटना दहा मिनिटे टिकली तरच कळवावे, आणि पुन्हा तासाने एकदा. "बॅटरी कमी" लगेच कळवावे, पण एकदाच. "बॅटरी बदला" हा निरोप रात्री कोणालाही पाठवू नये. तो सोमवारी सकाळी दहा वाजता, खरेदीचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला जावा, आणि बॅटरी बदलेपर्यंत दर सोमवारी जात राहावा. तापमानाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. अमेरिकेतील ॲशरे संस्थेने संगणक-कक्षासाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस हा पल्ला सुचवला आहे. त्या आकड्यावर मर्यादा ठेवली तर एसी नसलेल्या खोलीत मार्च ते जून हा इशारा अखंड पेटलेला राहील आणि त्याला काही अर्थच उरणार नाही. म्हणून आकडा वर न्यावा लागतो. पण तो वर नेताना हेही विसरू नये की सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते निम्मे होत जाते. मर्यादा वाढवली म्हणून उष्णता कमी होत नाही. इशारा कमी वेळा वाजावा आणि बॅटरी लवकर बदलण्याचे नियोजन आधीच करावे, असे दोन्ही निर्णय एकत्र घ्यावे लागतात.

मर्यादा ठरवण्याचे तंत्र आरमॉन या मानकाने छान मांडले आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये ते प्रथम आले आणि त्याची आजची संहिता मे २००० मधली आरएफसी २८१९ आहे. त्यात प्रत्येक इशाऱ्याला दोन मर्यादा असतात, एक चढती आणि एक उतरती. आकडा चढत्या मर्यादेपलीकडे गेला की एकदा निरोप जातो. मग तो उतरत्या मर्यादेखाली येईपर्यंत, मध्ये कितीही वरखाली झाला तरी यंत्र गप्प राहते. समजा लिंकचा वापर ८० टक्क्यांवर गेला की कळवायचे ठरवले आणि उतरती मर्यादा ६० ठेवली. वापर ७८, ८१, ७९, ८२ असा झुलत राहिला तरी निरोप एकच. फार साधी युक्ती आहे, पण तिच्यावाचून मर्यादेच्या काठावर बसलेले कोणतेही यंत्र माणसाला वेडे करते.

मात्र ८० हा आकडा कुठून आणायचा, हे आरमॉन सांगत नाही, सांगूही शकत नाही. तो आकडा गावाकडून आणावा लागतो. पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. वाडी निम्मी रिकामी झाली की तिथला नेटचा वापरही घसरतो. ऋतू न पाहता सरासरी काढणाऱ्या प्रणालीला ही घसरण बिघाड वाटेल. उलट, टोळ्या परतल्यावर वापर वाढला की तिला तो हल्ला वाटेल. दसऱ्याला सावरगाव घाटच्या भगवान भक्तिगडावर मेळावा भरतो, तेव्हा परिसरात माणसांचा सागर उसळतो. त्या दिवशीचा आकडा नेहमीच्या मोजपट्टीत बसणारच नाही. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामपंचायतीतल्या केंद्रावर रात्री उशिरापर्यंत अर्ज भरले जातात, म्हणून "रात्री वापर म्हणजे संशयास्पद" हा पाठ्यपुस्तकी नियम तिथे गैरलागू ठरतो. पंचांग, पेरणी, कारखान्याचा गळीत हंगाम आणि सरकारी अर्जांच्या मुदती ज्याला ठाऊक आहेत, तोच इथल्या मर्यादा नीट ठरवू शकतो. बंगळुरूत बसलेल्या हुशार अभियंत्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. या विषयाकडे तालुक्यातल्या मुलामुलींनी वळावे असे मी आग्रहाने म्हणतो, ते यासाठी.

नोंदी वाचायला शिकणे हा या अभ्यासातला सर्वांत आनंदाचा भाग. नमुन्यादाखल एका ग्रामपंचायतीची रात्र घ्या, तिथे यूपीएसला कार्ड आहे असे धरून. ०२:१४:०७ ला यूपीएस बॅटरीवर. ०२:५१:३० ला बॅटरी कमी. ०२:५८:११ ला तालुक्याच्या ओएलटीकडे त्या गावच्या ओएनटीचा "डाइंग गॅस्प". पुढच्याच सेकंदाला संपर्क तुटला. ०५:४०:१८ ला संपर्क पुन्हा आला आणि पाठोपाठ यूपीएसच्या कार्डाकडून "कोल्ड स्टार्ट".

डाइंग गॅस्प म्हणजे ओएनटीने वीज जाताना, आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या क्षणभराच्या शक्तीवर पाठवलेला शेवटचा निरोप. तो एवढेच सांगतो: मी वीज नसल्यामुळे जातो आहे. त्याची किंमत ओळखा. संपर्क तुटताना हा निरोप आला असेल तर फायबर शाबूत आहे. स्प्लायसिंगचे यंत्र आणि तुटीची जागा शोधणारे ओटीडीआर घेऊन कोणाला घाटात पाठवायची गरज नाही. निरोप न येता संपर्क तुटला, आणि एकाच स्प्लिटरखालची सहा गावे एकदम गेली, तर फायबर स्प्लिटरच्या अलीकडे तुटली आहे. एकच गाव गेले, तर स्प्लिटरच्या पलीकडे. जागेवर न जाता तुटलेल्या ठिकाणाचा पट्टा अर्ध्यावर आला.

त्या रात्रीची दुसरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या नोंदींमधल्या अंतरात आहे. बॅटरीने ४४ मिनिटे काढली. नवी असताना ती चार तास चालत असेल, तर ती संपत आली आहे. लाइट कधी येणार हे महावितरणच्या हाती; पण बॅटरी आपल्या हाती आहे. रात्री दोन वाजता कोणाला उठवण्यासारखे त्यात काही नव्हते, आणि तरीही आठवड्याच्या कामाच्या यादीत सर्वांत वर लिहावे असे बरेच होते. निरोपाची तातडी आणि निरोपाचे महत्त्व या दोन गोष्टी निराळ्या असतात. सिसलॉगमध्ये ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत, ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे केवळ तपासणीसाठीची नोंद. पण त्या पायऱ्या यंत्राच्या दृष्टीने लावलेल्या असतात. माणसाच्या दृष्टीने त्या पुन्हा लावाव्या लागतात.

प्रकाशाची ताकद हीदेखील अशीच हळू बोलणारी गोष्ट. बी प्लस वर्गातल्या ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाश ओळखता येतो. एखाद्या गावी तो आकडा आज उणे २१ असेल, महिन्याने उणे २३, आणखी महिन्याने उणे २५, तर नेट अजून उत्तम चालते आहे आणि कोणाचीही तक्रार नाही. पण कुठे तरी जोडावर धूळ बसते आहे किंवा केबल वाकते आहे, आणि बंद पडण्याचा दिवस जवळ आला आहे. हा आकडा सहसा कोणताही ट्रॅप सांगत नाही. तो विचारावा लागतो, साठवावा लागतो, आलेख काढून पाहावा लागतो. तोबियास ओएटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी नावाची छोटी आज्ञावली लिहिली ती अशाच आलेखांसाठी, आणि जगभरातल्या देखरेखवाल्यांची नजर तिने बदलून टाकली.

नोंदींच्या वेळा जुळत नसतील तर वरचे सगळे वाचन फुकट जाते. यंत्राचे घड्याळ चालवणारी बारकी बॅटरी संपली की वीज परत आल्यावर कित्येक यंत्रे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दाखवतात. संगणकाच्या कालगणनेचा शून्य क्षण भारतीय वेळेत तेव्हा पडतो. एक यंत्र भारतीय वेळ लिहीत असेल आणि दुसरे जागतिक, तर आपल्या पहाटेच्या ०३:१० ची घटना दुसऱ्या यंत्रात आदल्या तारखेच्या २१:४० ला सापडते. यावर इलाज एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत. आपल्या देशात सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक केले आहे. घड्याळ जुळवणे ही कार्ड बसवल्यावर करायची पहिली गोष्ट आहे, शेवटची नव्हे.

निरोप कोणत्या वाटेने जातो याचाही विचार करायला हवा. फायबर तुटल्याचा ट्रॅप त्याच फायबरवरून जाणार असेल तर तो जाणारच नाही. मोबाइलचा पर्याय ठेवावा, तर गावाजवळचा टॉवर बऱ्याचदा त्याच मार्गावरच्या फायबरवर लटकलेला असतो. म्हणून संपूर्ण तुटण्याची बातमी गावातल्या यंत्राकडून अपेक्षित धरू नये. ती पलीकडच्या टोकाने, विचारूनही उत्तर येत नाही यावरून, काढावी. ट्रॅप कितीही नीट बसवले तरी पोलिंग सोडता येत नाही, ते यामुळेच.

ईमेल आणि एसएमएस या वाटा तर दुसऱ्यांच्या मालकीच्या. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नेहमीचा पासवर्ड वापरून जीमेलमध्ये शिरणाऱ्या जुन्या पद्धतीचा आधार काढून घेतला. त्या खात्यांतून इशारे पाठवणारी साधने ॲप पासवर्ड घालेपर्यंत मुकी झाली. अशा वेळी पडद्यावर काही लाल होत नाही. फक्त ईमेल येणे थांबते आणि सगळे आलबेल आहे असे वाटते. एसएमएसला आपल्याकडे डीएलटी या प्रणालीत नोंदणी लागते. मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा देशभर ओटीपीसुद्धा अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती अंमलबजावणी सात दिवस स्थगित करावी लागली. म्हणून रोज सकाळी एक ठरलेला "मी ठीक आहे" निरोप यावा, अशी व्यवस्था करा. तो ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी वाट तपासायची.

एसएमएस मराठीतून पाठवावा का? माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे. यंत्र "अप्स ट्रॅप ऑन बॅटरी" अशा भाषेत बोलते, पण मधला संगणक त्याचे हवे ते वाक्य करू शकतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी स्वतंत्र मोजली जाते. "कुसळंब: लाइट गेली, बॅटरी ४० मि. महावितरणला कळवा." हा निरोप त्यात सहज बसतो. त्यात ठिकाण आहे, कारण आहे, हाती किती वेळ आहे ते आहे, आणि काय करायचे तेही आहे. या चारांपैकी एकही गोष्ट वगळून निरोप लिहू नका.

सुरक्षेवर या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडेच. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत यंत्राशी बोलायला एक परवलीचा शब्द पुरतो. तो उघड्यावरून जातो, आणि वर्षानुवर्षे तो "पब्लिक" हाच ठेवलेला असतो. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये प्रमाणित झाली, तिच्यात ओळख पटवणे आणि मजकूर झाकणे दोन्ही आहे. तीच वापरा. यूपीएसची कार्डे इंटरनेटवर उघडी ठेवू नका. २९ मार्च २०२२ रोजी अमेरिकेच्या सीसा संस्थेने तिथल्या ऊर्जा खात्यासह नेमका हाच इशारा दिला, कारण कारखान्याचा मूळ पासवर्ड न बदललेल्या यूपीएसमध्ये लोक शिरत होते. ज्या कार्डावरून लाइट गेल्याचे कळते, त्याच कार्डावरून लाइट घालवताही येते.

पुढच्या काळात हे काम वाढणार आहे, आणि वाढण्याचे कारण जरा अनपेक्षित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींना एकेरी धाग्याऐवजी रिंगमध्ये जोडायचे ठरले आहे. रिंग एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहते. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा. देखरेखीच्या दृष्टीने मात्र यात एक नवे संकट आहे: पहिला तुकडा तुटला तेव्हा कोणीच तक्रार करणार नाही. एकेरी धाग्यात देखरेख नसली तरी माणसे ओरडून सांगतात. रिंगमध्ये ती गप्प राहतात आणि दुसरा तुकडा तुटला की दोन्ही तुटींमधली सगळी गावे एकदम अंधारात जातात. तिथे पहिल्या तुकड्याचा निरोप हाच एकमेव साक्षीदार. तो कोणाकडे जातो?

माझ्या मते या शास्त्राचा गाभा याच प्रश्नात आहे. आज निरोपांचा ओघ वर जातो, तालुक्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून मुंबई-दिल्लीच्या नियंत्रण कक्षाकडे. तिथे भिंतभर पडदा असतो आणि त्यावर गाव लाल दिसते. पण ग्रामपंचायतीच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, डीपीवरचा फ्यूज कोण टाकतो, कोणत्या वळणावर कालपासून खोदकाम चालू आहे, हे त्या कक्षाला माहीत नसते. ज्याला माहीत असते तो संगणक परिचालक त्याच गावात बसलेला असतो आणि त्याला कोणताच निरोप येत नाही. ही दिशा उलटी करावी. पहिला निरोप गावात जावा. अर्ध्या तासात त्याने तो स्वीकारल्याची नोंद झाली नाही तर तालुक्याला, मग बीडला, मग त्याच्या वर. वरच्या कक्षाने सगळे पाहावे जरूर, पण पहिली हाक जवळच्याला मारावी. हे करायला नवे यंत्र लागत नाही. आहे त्या यंत्राच्या दोन चौकटी आणि एक यादी बदलावी लागते. ती बदलण्याचा अधिकार आणि समज दोन्ही गावात असायला हवी, आणि समज देण्याचे काम या पुस्तकाने अंगावर घेतले आहे.

सुरुवातीला फार सामान लागत नाही. एक जुना संगणक घ्या, त्यावर लिनक्स आणि लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स टाका. देखरेखीच्या या दोन्ही आज्ञावली विनामूल्य आहेत. एसएनएमपी समजणारा कोणताही जुना स्विच मोडीत काढलेल्या सामानात मिळेल. वीज किती वेळा जाते, किती वेळ जाते, याची आपल्या गावापुरती महिनाभर वहीत नोंद ठेवा, कारण पुढच्या सगळ्या मर्यादा तिच्यावरून ठरवायच्या आहेत. स्विचवर ट्रॅपचा पत्ता म्हणून आपल्या संगणकाचा आयपी भरा, वायरशार्क उघडून १६२ क्रमांकाच्या पोर्टवर लक्ष ठेवा आणि चालू पोर्टमधली एक पॅचकॉर्ड काढा. लिंकडाऊनचा निरोप समोर येईल. त्यातला कोणता आकडा यंत्राची ओळख सांगतो, कोणता पोर्ट आणि कोणता वेळ, हे पहिल्या प्रकरणात ओळीने दिले आहे.